शेळी विकून फी भरली, हे लेकराला ऐकवू नका

पोखर्णीसारख्या गावात कॉलेजच्या ॲडमिशनचे दिवस आले, की घरात आधी दावणीकडं नजर जाते. फी, गाडीचा पास, पुस्तकं, परीक्षेचा फॉर्म असा सगळा खर्च एकदम येतो. मजुरीच्या घरात रोख नसते, शेळी असते. म्हणून शेळी विकली जाते, पोरगी परभणीच्या कॉलेजात नाव घालते, आणि सगळे म्हणतात, बरं झालं, काम भागलं. यात चूक काहीच नाही. शेळी आपल्या वस्तीची बँकच आहे. पण त्या व्यवहारानंतर पोरीचं काय होतं, ते या पानावर बोलायला पाहिजे. कारण ते आरोग्याचंच बोलणं आहे.

आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळं देते. एका करडाला दूध कमी पडतं. मग त्याला बाटलीनं पाजणारी, पावसात पोत्याखाली झाकणारी, शाळेतून आल्यावर पाला आणणारी घरातली शिकणारी पोरगीच असते. तिनं त्याला नाव ठेवलेलं असतं, आणि ते तिच्या हाकेला ओ देतं. एक दिवस ती कॉलेजातून येते तर खुंटा मोकळा. कुणी काही सांगितलेलं नसतं. रडली तर घरातले म्हणतात, "जनावरासाठी काय रडायचं? आम्ही तर माणसं गमावून उभं राहिलो."

असं म्हणणाऱ्या आयाबायांनी काय सोसलंय, ते आम्हाला माहीत आहे. पण शरीर असा हिशेब करत नाही. ज्याच्यावर जीव लावला ते गेलं, की झोप उडते, घास उतरत नाही, छाती जड होते, डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. आम्ही नर्स म्हणून वॉर्डात काम केलं, आता वस्त्यांमधून फिरतो. अशा पोरीला "अशक्तपणा आलाय" म्हणून टॉनिक आणतात, सलाईन लावून आणतात. तिला खरी गरज असते ती कुणीतरी शेजारी बसून "तुला तिची आठवण येते का?" एवढं विचारण्याची.

या दुःखात आणखी एक काटा असतो. कुत्रा म्हातारा होऊन गेला तर पोर रडतं आणि हळूहळू सावरतं. इथं मात्र शेळी तिच्याच फीसाठी गेलेली असते. वरून मार्क कमी आले, की भांडणात तेच निघतं: "तुझ्यासाठी शेळी विकली, आणि तू हे दिवे लावलेस!" याचे दोन परिणाम आम्ही पाहतो. एक पोरगी रात्र रात्र जागते, एका पेपरात गेली की शेळी वाया गेली म्हणून स्वतःलाच कोसते. दुसरी म्हणते, मला शिकायचंच नाही, डिग्री घेऊन तरी शेवटी काय होणार? तिला आपण आळशी म्हणतो. पण ज्या शिक्षणाचं नाव काढलं की मोकळा खुंटा डोळ्यांपुढं येतो, त्याची गोडी कशी लागणार?

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. फी कशी भरायची हा घरातल्या मोठ्यांचा निर्णय आहे. ते लेकराच्या डोक्यावरचं कर्ज नाही. शेळी विकायची तर विका, पण पोरीला आधी सांगा. तिला शेवटचा पाला खाऊ घालू द्या. ती कॉलेजात असताना गुपचूप व्यापाऱ्याच्या हाती दावं देऊ नका. दोन दिवस रडली तर रडू द्या. आणि एकदा विकल्यावर ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढू नका.

जनावरावर माया करणं म्हणजे हलकेपणा, असं कुणी म्हणालं तर त्यांना राजगृहातला फेब्रुवारी 1934 चा फोटो दाखवा. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा लाडका कुत्राही आहे. ज्या घरात एवढी ग्रंथसंपदा होती, त्याच घराच्या फोटोत कुत्र्यालाही जागा होती. अभ्यास आणि माया एका घरात नांदतात.

आणखी एक गोष्ट बाबासाहेबांच्याच आयुष्यातली. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, आणि 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. खंड पडला म्हणून शिक्षण संपत नाही. परभणीतली बहुतेक आर्ट्स, सायन्स, कॉमर्सची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि परीक्षा सेमिस्टरच्या आहेत. मन ठिकाणावर नसताना एखादा पेपर राहिला, तर तो पुढं देता येतो. परीक्षा तोंडावर असेल तर रात्र जागण्यापेक्षा अर्धा-अर्धा तास वाचावं, मधे उठून चालावं, मैत्रिणीसोबत बसून उजळणी करावी, आणि झोप मोडू नये. झोपेशिवाय वाचलेलं टिकत नाही.

शेळी बाजारात नेण्याआधी एक काम करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कमेमो आणि आधार जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा. पैसे उशिरा येतात, हे खरं आहे. पण अर्जच भरला नाही तर येणारच नाहीत. एका दाखल्यापायी शेळी जात असेल, तर तो दाखला काढायला आमच्यासारख्यांना सोबत न्या.

घरचा कुत्रा गेला असेल तर दुःखासोबत एक चौकशीही करा. मरण्याआधी तो विचित्र वागत होता का? लाळ गळत होती का? कुणाला चावला, ओरखडला, किंवा जखमेला चाटला का? तसं असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथं मोफत आहे, आणि दवाखान्यात सांगतील ते सगळे डोस पुरे करा. दंडाच्या कातडीत देतात त्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर उपाय नाही.

पोरगी दोन आठवड्यांनंतरही जेवत-झोपत नसेल, कॉलेजला जाणं बंद झालं असेल, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलली, तर वाट पाहू नका. त्या बोलण्याला नाटक म्हणू नका, आणि तिला एकटी सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथं घेऊन जा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुम्हालाही सांगतो. शेळीची किंमत मार्कांनी फेडायची नसते. ती घरानं तुमच्यावर ठेवलेल्या विश्वासापायी गेली. रडू आलं तर रडा, त्याची लाज बाळगू नका. मग पुस्तक उघडा, ते कुणाचं देणं फेडायला नाही, तर तुम्हाला जग कळावं म्हणून. आणि पुढं तुमच्या घरात कुणी जनावरासाठी रडलं, तर "काय रडायचं" असं म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा.

जयभीम.