कीर्द, खतावणी आणि हँडिकॅप

हौसेने गोल्फ खेळणाऱ्या माणसाच्या संगणकात बहुधा एक तक्ता असतो. दिनांक, मैदान, एकूण फटके, किती फेअरवे साधले, ग्रीनवर किती पट लागले, असे त्याचे रकाने असतात आणि वरच्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, हँडिकॅपचा आकडा. या छंदाची दोन्ही बाजूंनी चेष्टा होते. न खेळणाऱ्यांना तो रिकामटेकडेपणा वाटतो, तर खेळणाऱ्यांपैकी काहींना आकडेमोडीने खेळातील रस आटतो असे वाटते. आमचे मत निराळे आहे. हा तक्ता आत्मपर लेखनाचाच एक प्रकार आहे असे आम्ही मानतो. तसे मानले की आत्मचरित्राला जो प्रश्न विचारतात तोच त्यालाही विचारावा लागतो: लिहिणारा स्वतःशी कितपत खरे बोलतो आहे?

या लेखनाची परंपरा संगणकाहून फार जुनी आहे. एडिंबरा येथील थॉमस किंकेड या तरुणाने 1687 साली लिहिलेल्या रोजनिशीत गोल्फची नोंद आढळते. उभे कसे राहावे, काठी कशी फिरवावी याचे विचार तर त्यात आहेतच. शिवाय एक प्रश्नही आहे. दोन खेळाडूंच्या कौशल्यात तफावत असेल तर काय करावे? पैज समान ठेवून दुबळ्याला खेळात सवलत द्यावी, की खेळ समान ठेवून पैजेच्या रकमा विषम ठेवाव्यात? हँडिकॅपच्या कल्पनेचे बीज येथेच दिसते. ते एका खाजगी रोजनिशीत सापडावे, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. म्हणजे आपला खेळ लिहून ठेवणे आणि दुसऱ्याशी बरोबरीने खेळता यावे म्हणून हिशेब करणे या दोन गोष्टी आरंभापासून एकाच वहीत आहेत. पुढे त्यांची फारकत झाली आणि सारा घोटाळा त्या फारकतीचा विसर पडल्याने होतो.

आजचा हिशेब कसा होतो ते गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 2020 सालापर्यंत जगात सहा निरनिराळ्या हँडिकॅप-पद्धती नांदत होत्या. त्या वर्षी अमेरिकेची गोल्फ संघटना आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या दोन संस्थांनी मिळून एकच जागतिक पद्धत लागू केली. तिच्यात प्रत्येक मैदानाला दोन अंक असतात. कोर्स रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागावेत तो अंक. स्लोप रेटिंग म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान निष्णाताच्या मानाने किती अधिक जड जाते त्याचे माप. हे माप 55 ते 155 यांच्या दरम्यान असते आणि 113 हे प्रमाण मानलेले आहे. आपल्या फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करायचे, उत्तराला 113ने गुणून स्लोप रेटिंगने भागायचे, की त्या फेरीचे डिफरन्शियल हाती येते.

समजा, एकाच खेळाडूने एका आठवड्यात दोन फेऱ्या खेळल्या. पहिल्या मैदानाचे रेटिंग 71.2, स्लोप 128 आणि फटके लागले 92. दुसऱ्याचे रेटिंग 68.4, स्लोप 113 आणि फटके 87. घरी येऊन तो सांगणार की दुसऱ्या दिवशी खेळ पाच फटक्यांनी सुधारला. गणित सांगते की पहिल्या फेरीचे डिफरन्शियल 18.4 आणि दुसरीचे 18.6 आहे, म्हणजे 92ची फेरी 87च्या फेरीपेक्षा किंचित सरस होती. मनाला पटणाऱ्या आकड्यापेक्षा निराळा आकडा समोर ठेवणे हे तक्त्याचे पहिले काम आहे आणि ते तो चोख बजावतो.

यापुढे मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते. हँडिकॅप ही क्रिकेटमधील फलंदाजाच्या सरासरीसारखी सरासरी नाही. फलंदाजाच्या सरासरीत शतकही मोजले जाते आणि भोपळाही. हँडिकॅपसाठी शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी केवळ सर्वोत्तम आठ घेतात. उरलेल्या बारा हिशेबात येतच नाहीत. शिवाय त्या आठांतही प्रत्येक होलवरच्या फटक्यांना मर्यादा असते: पारपेक्षा दोन अधिक, आणि त्यावर त्या होलसाठी मिळणारी सवलत. चार पारच्या होलवर एका फटक्याची सवलत असलेल्या माणसाला प्रत्यक्षात अकरा फटके लागले, तरी हँडिकॅपच्या दप्तरी सातच लागतात. थोडक्यात, हा आकडा माणूस सामान्यतः कसा खेळतो ते सांगत नाही. चांगल्या दिवशी तो कसा खेळू शकतो तेवढेच सांगतो. म्हणूनच बहुतेकांना आपल्या हँडिकॅपइतका खेळ चार-पाच फेऱ्यांतून एखाद्याच वेळी साधतो.

ही पद्धत मुद्दाम विसराळू ठेवलेली आहे आणि तिच्या जागी ते योग्यच आहे. हँडिकॅप दुसऱ्यांसाठी असतो. उद्या आपल्याविरुद्ध खेळणाऱ्याला आपली बरी बाजू माहीत असली पाहिजे, नाहीतर जाणूनबुजून वाईट खेळून सवलत वाढवून घेणाऱ्यांचे फावेल. वाईट फेऱ्या हिशेबाबाहेर ठेवल्या म्हणजे त्या लबाडीचा उपयोग उरत नाही. हेच कारण आकडा फार वेगाने वर चढू न देण्याच्या नियमामागे आहे. गेल्या वर्षभरातील नीचांकापेक्षा हँडिकॅप तीनाहून अधिक वाढू लागला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचापलीकडे तो जाऊच देत नाहीत. न्यायासाठी केलेली ही तजवीज आहे. मात्र न्यायासाठी बनवलेला आकडा आत्मज्ञानासाठी वापरायला गेलो की फसगत होते.

दोन खेळाडूंची कल्पना करू. दोघांच्याही सर्वोत्तम आठ फेऱ्यांची सरासरी 16.5, म्हणून दोघांचा हँडिकॅप 16.5. पहिल्याच्या उरलेल्या बारा फेऱ्यांची सरासरी 18.5 आहे, दुसऱ्याची 24. वीसही फेऱ्या धरल्या तर पहिला 17.7वर येतो आणि दुसरा 21वर. स्पर्धेच्या नियमाने हे दोघे समान आहेत. प्रत्यक्षात पहिला रोज जवळजवळ सारखेच खेळतो, तर दुसऱ्याची एखादी फेरी झकास होते आणि पुढच्या दोन वाहून जातात. दुसऱ्याला स्वतःविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर ते त्या वगळलेल्या बारा ओळींतच आहे. आणि आमच्या पाहण्यातील बहुतेक तक्ते नेमके तेच झाकतात. सर्वोत्तम आठ फेऱ्या हिरव्या रंगात उजळलेल्या आणि बाकीच्या फिक्या करड्या. हँडिकॅपचा अधिकृत आकडा संघटनेच्या दप्तरी आपोआप निघतो. तोच पुन्हा घरी काढण्यासाठी तक्ता ठेवायचा, तर तो छंद निरर्थक आहे हे टीकाकारांचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागेल.

आपल्याकडच्या जुन्या व्यापारी हिशेबात कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजचा व्यवहार घडला तसा, घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरायचा. मग त्यातून खात्यांनुसार खतावणी मांडायची. खतावणीवरून निष्कर्ष निघत, पण शंका आली की कीर्द उघडावी लागे आणि कीर्दीत खाडाखोड चालत नसे. गोल्फच्या तक्त्यालाही ही शिस्त हवी. पहिल्या पानावर प्रत्यक्ष लागलेले फटके, अकरा म्हणजे अकरा. मर्यादा लावलेले फटके, डिफरन्शियल, हँडिकॅप हे सारे दुसऱ्या पानावर. स्प्रेडशीटचा जन्म 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कपासून झाला, तो ‘असे केले तर काय होईल’ या धंद्यातल्या प्रश्नासाठी. एक आकडा बदलावा आणि बाकीचे सारे क्षणात बदलताना पाहावे, यातच त्याची मोहिनी आहे. गोल्फ खेळणाऱ्याला हीच मोहिनी घातक ठरते. तो तिसरा पट चुकला नसता तर, तो चेंडू पाण्यात गेला नसता तर, असे करता करता तक्त्यात कधीच न खेळलेल्या फेऱ्या जमा होऊ लागतात.

खरे आकडे लिहिले तरी ते वाचण्याचा प्रश्न उरतोच. पट मोजण्याचेच उदाहरण घ्या. एका फेरीत 36 पट लागले आणि दुसरीत 30, तर माणूस समजतो की दुसऱ्या दिवशी आपला हात बसला होता. पण लांबून मारलेले चेंडू ग्रीनवर पोहोचलेच नाहीत, मग अगदी जवळून हलका फटका मारून ते छिद्रापाशी ठेवले, तर पट कमीच लागणार. म्हणजे पटांचा आकडा सुधारला त्याचे कारण आधीचा खेळ बिघडला, हे असू शकते. ही गफलत दूर करण्याचे मोठे काम कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी केले. प्रत्येक अंतरावरून छिद्र गाठायला सरासरी किती फटके लागतात हे आधी ठरवायचे आणि मग प्रत्येक फटक्याने त्या सरासरीच्या मानाने किती कमावले वा गमावले ते मोजायचे. व्यावसायिकांना आठ फुटांवरून सरासरी दीड पट लागतो, 33 फुटांवरून दोन. अमेरिकेच्या पीजीए टूरने 2011 साली पटिंगसाठी हे माप स्वीकारले. 2014 साली आलेल्या आपल्या पुस्तकात ब्रॉडी यांनी दाखवले की अव्वल व्यावसायिकांच्या आघाडीचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो आणि पटिंगचा वाटा सुमारे 15 टक्केच असतो. लांब फटका दिखाऊ आणि पैसा पटवर, अशी जी पिढ्यानपिढ्यांची समजूत होती तिला याने चांगलाच हादरा बसला. केवळ पटांची बेरीज लिहिलेल्या हजार तक्त्यांतून हे कधीच कळले नसते. कुठून मारले, हे त्यांत लिहिलेले नव्हते.

आता तक्त्याची एक मर्यादा. नव्या पद्धतीत त्या त्या दिवशी त्या मैदानावर खेळलेल्या सर्वांचे आकडे पाहून हवामानाची दखल घेतात. सर्वांनाच खेळ जड गेला असेल तर प्रत्येकाच्या डिफरन्शियलमध्ये थोडी सूट मिळते. घरच्या तक्त्याला हे कळण्याची सोय नाही. आपण वाईट खेळलो की वारा वाईट होता, याचे उत्तर इतरांच्या फेऱ्यांत असते. त्याचप्रमाणे हँडिकॅपसाठी फेरी मान्य व्हायची तर सोबत किमान एक माणूस असावा लागतो. अमेरिकेत 2016 सालापासून एकट्याने खेळलेली फेरी धरणे बंद झाले, तेव्हा बरेच जण रुष्ट झाले. आमच्या सचोटीवर संशय का, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांस तो नियम उचित वाटतो. आपल्याविषयी आपणच दिलेली साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी अपुरी असते, एवढेच तो सांगतो.

या खेळाच्या इतिहासात साक्ष आणि नोंद यांचे दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. 1925 सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स फटका मारायच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतः आग्रह धरून एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि अखेरीस बरोबरी होऊन, पुढच्या निर्णायक सामन्यात तो विली मॅकफार्लनकडून हरला. दुसरा प्रसंग 1968 सालच्या मास्टर्सचा. रोबेर्तो दे व्हिसेन्सो याने सतराव्या होलवर तीन फटके घेतले. सोबतच्या टॉमी एरनने त्याच्या कार्डावर चार लिहिले. दे व्हिसेन्सोने न तपासता सही केली. नियमानुसार सही केलेला मोठा आकडा कायम झाला आणि बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी एका फटक्याच्या पराभवात बदलली. घडलेले हजारोंनी पाहिले होते, पण लिहिलेले ग्राह्य धरले गेले. पहिल्या प्रसंगात कोणी न पाहिलेले खरे नोंदले गेले आणि दुसऱ्यात सर्वांनी पाहिलेले खरे नोंदीत हरवले. लिहिणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते हे यावरून कळावे.

ही जबाबदारी सर्वांत जड जाते ती वय वाढू लागल्यावर. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याच्या वीस फेऱ्या म्हणजे दहा महिने. तोवर जुन्या चांगल्या फेऱ्या हँडिकॅपला धरून ठेवतात. आजारपणानंतर खेळ एकदम उतरला तर वर सांगितलेली मर्यादा आडवी येते. अधिकृत आकडा अशा वेळी सौजन्याने गप्प राहतो. तक्त्यात मात्र पाहायची तयारी असेल तर सारे दिसते: लांबचे फटके आखूड होत चालले आहेत, शेवटच्या पाच-सहा होलवर फटके वाढत आहेत. आमच्या ओळखीतले काही जण याच सुमारास तक्ता ठेवणे सोडून देतात. आम्हांस ते समजते, पण पटत नाही. ज्या वहीत चढती वर्षे हौसेने लिहिली तिच्यात उतरती वर्षेही लिहिली, तरच ती वही त्या माणसाची म्हणता येईल. शिवाय त्या उतरत्या ओळी उपयोगाच्याही असतात. मागच्या टीवरून खेळणे थांबवून पुढच्या टीवरून खेळायला कधी लागावे हे सांगणारा त्यांच्याइतका भरवशाचा सल्लागार दुसरा नाही. तो सल्ला वेळेवर मानला तर आणखी कित्येक वर्षे खेळात आनंद राहतो.

म्हणून आमचे सांगणे असे की तक्ता अवश्य ठेवावा, सर्व फेऱ्या सारख्याच रंगात ठेवाव्यात, आणि शेवटी आकड्यांचे बंधन नसलेला एक रकाना ठेवावा. वारा कसा होता, सोबत कोण होते, गुडघा कुठल्या होलपासून दुखू लागला, एवढे त्यात लिहावे. काही वर्षांनी वीस फेऱ्यांमधले आठ आकडे कोणते होते हे कोणी विचारणार नाही. हा रकाना मात्र आपण स्वतःच पुन्हा उघडून वाचू, आणि शेजारचे आकडे खरे असतील तरच तो वाचवेल.