चालतंय ना, मग डिक्लेअर कशाला?

शुक्रवारी रात्री पुण्याहून दीपनगरला घरी आलो तो लॅपटॉप घेऊनच. आमचा एक जुना पीएचपी प्रोजेक्ट ७.४ वरून ८.२ वर न्यायचाय आणि लॉगमध्ये एकाच तक्रारीचा पाऊस पडतोय: डायनॅमिक प्रॉपर्टी तयार करणं डेप्रिकेटेड आहे. म्हणजे क्लासमध्ये जी प्रॉपर्टी डिक्लेअरच केलेली नाही, तिच्यात कुणीतरी व्हॅल्यू टाकतंय.

सीनियरचा उपाय एका ओळीचा. "बेस क्लासवर अलाऊ-डायनॅमिक-प्रॉपर्टीज अ‍ॅट्रिब्यूट चिकटव." ते चाइल्ड क्लासेसनाही लागू होतं, त्यामुळे लॉग मिनिटात गप्प. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा, तसलाच प्रकार!

ह्याच कोडमध्ये मी पोळलोय. इनव्हॉइसच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर डिस्काउंटला शून्य करायचा. खाली दोनशे ओळींनंतर खरी रक्कम टाकताना मी स्पेलिंगमधला 'यू' खाल्ला. पीएचपीने मुकाट्याने नवी प्रॉपर्टी बनवून दिली. एरर नाही, नोटीस नाही. बिल छापताना वाचली गेली जुनी, तिच्यात शून्य. तीन आठवडे गिऱ्हाइकांना सवलत मिळाली नाही आणि शिव्या खाल्ल्या सपोर्टच्या पोरांनी. ८.२ असतं तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

"पण ही तर पीएचपीची लवचिकता!" अरे, अशी उपटसुंभ प्रॉपर्टी कायम पब्लिक असते. प्रायव्हेटची सोय २००४ पासून आहे, टाइप लिहायची २०१९ पासून. ज्याला खरंच आधी माहीत नसलेली फील्ड्स साठवायचीत (जेसन वगैरे), त्याच्यासाठी एसटीडीक्लास आहेच, त्याला ८.२ ने हात लावलेला नाही. पण आपल्याच इनव्हॉइसमध्ये काय काय आहे हे आपल्यालाच माहीत नसावं?

बाबा इथल्या औष्णिक वीज केंद्रात होते. काल जेवताना त्यांना विचारलं, ड्रॉइंगमध्ये नसलेला स्विच कुणी पॅनेलवर बसवला तर? भरिताचा घास हातातच राहिला. "आणि बसवणारा रिटायर झाल्यावर त्याला हात कोण लावणार?"

असो. अ‍ॅट्रिब्यूट मी काढून टाकलंय. अडतीस क्लासेस आहेत, त्यातले अकरा आत्तापर्यंत नीट डिक्लेअर करून झाले. आणखी दोन स्पेलिंगच्या चुका सापडल्या. एक माझीच. दुसरी कुणाची, ते गिटला माहीत आहे.