विश्लेषण : अमेरिकेत ८५ टक्के कृष्णवर्णीय धूम्रपानकर्ते मेन्थॉल सिगारेटच का ओढतात?

अमेरिकेत सिगारेटचा खप अनेक वर्षांपासून घटतो आहे. मेन्थॉल सिगारेटचा बाजारातील वाटा मात्र वाढत जाऊन एक तृतीयांशाच्या पुढे गेला. धूम्रपान करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ८५ टक्के लोक मेन्थॉल ओढतात, तर श्वेतवर्णीयांमध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. एवढी तफावत का?

मेन्थॉल काय करते?

मेन्थॉल हा पुदिन्यातला घटक. बाम आणि खोकल्याच्या गोळ्यांमुळे तो आपल्या परिचयाचा आहे. थंडावा जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो, त्यामुळे धुराने घशात होणारी जळजळ कमी जाणवते. धूर मात्र तितकाच घातक राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१३ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार, मेन्थॉलमुळे तरुणांना धूम्रपानाची सवय लागण्याची शक्यता वाढते आणि ती सोडणेही अवघड जाते. सिगारेट ओढणाऱ्या किशोरवयीनांत मेन्थॉलचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आहे, तसेच पुरुषांपेक्षा महिलांतही.

ही आवड मुळातलीच का?

नाही. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय धूम्रपानकर्त्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोक मेन्थॉल ओढत. त्यानंतर कंपन्यांनी या समाजाला हेरले. ‘एबनी’सारख्या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकांत जाहिराती दिल्या, जॅझ महोत्सव प्रायोजित केले, वस्त्यांमध्ये गाड्या फिरवून फुकट सिगारेट वाटल्या. आज जी ‘आवड’ दिसते, ती काही दशकांच्या विक्रीतंत्रातून घडली आहे.

मग बंदी का नाही?

२००९च्या कायद्याने फळे, लवंग वगैरे स्वादांच्या सिगारेटवर बंदी आली; मेन्थॉल तेवढे वगळले गेले. एफडीएने एप्रिल २०२२ मध्ये मेन्थॉलवरही बंदी प्रस्तावित केली. ती वारंवार लांबणीवर पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रस्तावच मागे घेतला गेला.

तंबाखू उद्योगाचा विरोध अपेक्षितच होता. पण कृष्णवर्णीय नेतृत्वातही एकमत नव्हते. ‘एनएएसीपी’ ही जुनी नागरी हक्क संघटना बंदीच्या बाजूने होती. अल शार्प्टन यांच्या संघटनेला मात्र वेगळी धास्ती होती. सुट्ट्या सिगारेट विकल्याच्या संशयावरून न्यूयॉर्क पोलिसांनी एरिक गार्नरला पकडले आणि त्या झटापटीत त्याचा मृत्यू झाला, ही घटना २०१४ची. बंदीनंतर चोरटी विक्री वाढेल आणि पोलिसांना आणखी एक निमित्त मिळेल, असा हा युक्तिवाद. बंदी उत्पादक व विक्रेत्यांवर असेल, ओढणाऱ्यांवर नाही, असे एफडीएने स्पष्ट केले होते. पण शंका फिटली नाही.

इतरत्र काय?

कॅनडात २०१७ पासून, तर युरोपीय संघात मे २०२० पासून बंदी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी स्वतंत्रपणे विक्री थांबवली. भारताच्या २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात स्वादावर बंदी नाही. त्यामुळे पुदिन्याच्या चवीची सिगारेट पानटपरीवर सहज मिळते.

धूम्रपानामुळे दरवर्षी सुमारे ४५ हजार कृष्णवर्णीय अमेरिकी दगावतात. ज्या समाजाची पोलिसांपासून सुटका व्हावी म्हणून बंदीला विरोध झाला, बंदी नसल्याची सर्वाधिक किंमतही तोच समाज मोजतो आहे.