आखाजीचे खेळ

वैशाखातली आखाजी आली की खानदेशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात. बहिणाबाई चौधरी (जन्म १८८०) जळगावलगतच्या असोद्याच्या लेक. आखाजीवरच्या त्यांच्या कवितेत हा निंबावरचा झोका आहे. अक्षरओळख त्यांना नव्हती. खेळ शिकायला ती लागतही नाही. फुगडीत हात कसे गुंफायचे, तोल कसा सांभाळायचा, हे समोरच्या मैत्रिणीच्या मनगटातून कळतं. चार गावांत दिलेल्या मैत्रिणी आखाजीला भेटल्या की प्रत्येकीच्या सासरच्या खेळाची, गाण्याची भर अंगणात पडते. आपल्याकडे खेळ पसरले ते लेकींच्या पावलांनी, असं मला ठामपणे वाटतं.

लेखी नियमांचं मोलही मोठं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने जिंकली. पण नियमपुस्तक वाचून कोणी धावायला लागत नाही. आधी कोणीतरी हाताला धरून मैदानात न्यावं लागतं.

आणि नेल्यावर सांभाळावंही लागतं. आपल्या गल्लीतल्या खेळांत त्यासाठी ‘कच्चा लिंबू’ असतो: तो खेळतो, धावतो, पण बाद होत नाही. शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

वाचकहो, या आखाजीला तुम्हाला येणारा एक खेळ शेजारच्या मुलांना शिकवा, आणि त्यांचा एक त्यांच्याकडून शिकून घ्या.