गळावरचे पीस

पिसे आणि रेशीम आकड्यावर बांधून कृत्रिम माशी घडवायची, लवचीक काठीने ती प्रवाहावर अलगद टाकायची आणि ट्राउटला किंवा सॅमनला भुलवायचे. फ्लाय फिशिंग म्हणजे एवढेच. परंतु या छंदाने इंग्रजीला जितके सकस गद्य दिले, तितके फार थोड्या खेळांनी दिले असेल. अमेरिकेत वर्षानुवर्षे राहूनही आपल्यापैकी अनेकांना ते परके वाटते. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतलेल्याने गळाचे गुणगान वाचावेच कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही माझ्या मते ते वाचावे. मात्र त्यात मासा कुठे आहे, हे शोधत वाचावे.

या साहित्यात नदी माणसाच्या विसाव्यासाठी असते. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली, राजाच्या शिरच्छेदानंतर चारच वर्षांनी, प्रसिद्ध झाले. पराभूत राजपक्षाचा हा लेखक नदीकाठी शांती शोधतो. नॉर्मन मॅक्लीन या प्राध्यापकाने सत्तरी ओलांडल्यावर, १९७६ मध्ये, ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ प्रकाशित केले. मोंटानातील ब्लॅकफूट नदीवर तो आपल्या भावाला आठवतो, ज्याला कोणीच वाचवू शकले नाही. पुस्तक थोरच आहे. पण मासे तेथे भावाच्या कौशल्याचे साक्षीदार म्हणूनच येतात.

हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) मला वेगळी वाटते. तिचा नायक निक कृत्रिम माशी नव्हे, जिवंत नाकतोडे वापरतो. शुद्धतावादी नाक मुरडोत. निक युद्धावरून परतला आहे आणि कथेत युद्धाचा उच्चारही नाही. लहान ट्राउट सोडून देण्यापूर्वी तो हात पाण्यात भिजवतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा नाजूक थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. जखमी माणसाला दुसऱ्याच्या त्वचेची आठवण राहते. या एका कृतीसाठी मी ही कथा वॉल्टनच्या सगळ्या प्रसन्नतेवरून ओवाळून टाकीन. विन्स्लो होमरने १८८९ च्या सुमारास अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात रंगवलेल्या काही जलरंगचित्रांतही उसळलेला ट्राउटच चौकट व्यापतो. माणूस बाहेर राहतो.

या परंपरेतील सर्वांत नाजूक कलाकृती मात्र कागदावर नाही. ती म्हणजे माशीच. जॉर्ज केल्सनच्या ‘द सॅमन फ्लाय’ (१८९५) या ग्रंथातील पाककृतींसारख्या नोंदी वाचल्या की साम्राज्याच्या वाटा दिसू लागतात, कारण पिसे जगभरातील पक्ष्यांची आहेत. त्यांत ‘जंगल कॉक’ वारंवार येतो. हा आपला राखी रानकोंबडा, सह्याद्रीच्या आणि दक्षिण भारताच्या रानातला. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेसारखे चकचकीत ठिपके असतात. माशीच्या दोन्ही बाजूंना ते डोळ्यांसारखे बसवत. सॅमनला तो थाट लागत नाही. तो बांधणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला लागतो. ती हाव संपलेलीही नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली, ती माश्या बांधणाऱ्यांना विकण्यासाठीच. जुन्या धाटणीच्या या माश्या बांधणारे कित्येक जण तर कधी गळही टाकत नाहीत.

माशासाठी हात भिजवणारा एक निक तरी साहित्याला मिळाला. रानकोंबड्याच्या बाजूने लिहिलेली तशी कथा माझ्या वाचनात नाही. ती मराठीत का लिहिली जाऊ नये? पक्षी आपल्याच डोंगरातला आहे, आणि त्याची पिसे बांधलेल्या माश्या जिथे विकल्या जातात त्या देशांत आपण आता राहतो.