गल्ला आणि मांडव
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या जोडीने भरणारी युवा परिषद प्रथम २००५ मध्ये माँट्रियल येथे झाली. आता तशी संमेलने देशोदेशी भरतात; त्यांचा भार बिनपगारी तरुण वाहतात. पुण्यात असे संयोजक शोधणाऱ्यांनी आधी चातुर्मासाचा मांडव पाहावा: उतारूंची सोय, उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी उठणारी पंगत, ताटात उष्टे न टाकण्याचा दंडक. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली, तीही स्वयंसेवकांच्याच बळावर.

अडचण हंगामाची आहे. जागतिक परिषद बहुधा नोव्हेंबरात. तयारीचे दिवस नेमके दिवाळीच्या गर्दीचे. त्या आठवड्यांत मुलाला गल्ल्यावरून सोडायचे का, हे लक्ष्मी रस्त्यावरील वडिलांनाच ठरवायचे आहे.