अंबाडीवर लाल फुली

तिसरीतल्या माझ्या पुतणीच्या वहीत परवा लाल फुली पडली. सामान्यनामं लिहायची होती. तिनं लिहिलं: गाय, आंबा, अंबाडी. अंबाडीवर फुली, शेजारी शेरा: 'हे आपल्या गावाचे नाव आहे!' आदल्याच रात्री पोरीनं आजीच्या हातची अंबाडीची भाजी खाल्लेली. कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. ताटातलं वहीत उतरलं, तर अर्धा गुण गेला.

विचारायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "गाव म्हटलं की विशेषनाम. पुस्तकात तसंच आहे. आणि विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, एवढं तरी मुलांना कळायला हवं."

मोठं? देवनागरीत? अ कधी मोठा झाला, मॅडम? इंग्रजीच्या तासाचा नियम मराठीच्या तासाला तसाच ओढून आणायचा, याला म्हणे सेमी इंग्रजी! दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं १८३६ साली. त्यांचं आडनाव पडलं ते वसईकडच्या तर्खड गावावरून, म्हणजे इथून फार लांब नाही. मो. के. दामल्यांचा जाडजूड ग्रंथ १९११चा. एवढं घरात असताना आम्ही उसनवारी करतो आणि पोरांकडून याद्या घोकून घेतो: हिमालय विशेष, पर्वत सामान्य, गंगा विशेष, नदी सामान्य. वर्गातल्या किती पोरांनी गंगा पाहिलीय? वज्रेश्वरीला जाताना लागणारी तानसा मात्र यादीत नाही.

'अंबाडीला जाणारी एसटी' आणि 'अंबाडीची जुडी', एवढं फळ्यावर लिहिलं असतं तर पाच मिनिटांत धडा संपला असता. किंवा अनेकवचन करायला सांगा. नदीच्या नद्या होतात, तानसाचं काय? कुणीतरी 'तानशा' म्हणेल, वर्ग हसेल. हसला म्हणजे समजला. पोरांना हे उपजतच कळतं हो. घरात बारसं होईपर्यंत नुसतं 'बाळ' असतं, बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करते आणि बाळाचं विशेषनाम होतं. पांढऱ्या गाईला 'ढवळी' म्हणून हाक मारली की रंगाचंसुद्धा विशेषनाम होतं. उलटंही घडतं. गोदामाच्या पायासाठी कुठल्याही कंपनीचं यंत्र माती उकरू दे, पोरं ओरडतात, "जेसीबी आला!" ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या एका माणसाची आद्याक्षरं, आमच्याकडे सामान्यनाम होऊन धूळ उडवतायत. त्याच्यावर मारा फुली.

मॅडम, उद्या नाक्यावरच्या भाजीवालीकडे जा आणि म्हणा, "अंबाडी द्या." ती गाव देते की जुडी, ते बघा. मग पोरीचा अर्धा गुण तेवढा परत करा.